माशी कशी ओळखायची? बुलढाण्याच्या शेतात दिसणारी प्रत्येक माशी शत्रू नसते

बुलढाणा जिल्ह्यात कपाशीवर पांढरी माशी येते, सोयाबीनवर खोडमाशी, तुरीवर शेंगमाशी आणि गोठ्याच्या आढ्याला गांधीलमाशी घर करते. मराठीत या सगळ्या माश्याच. पण कीटकशास्त्राच्या हिशेबाने यातल्या फक्त खोडमाशी आणि शेंगमाशी या खऱ्या माश्या आहेत. गांधीलमाशी मधमाशीच्या आणि मुंगीच्या गटातली, तर पांढरी माशी मावा आणि तुडतुड्यांची नातेवाईक.

हा फरक फक्त पुस्तकी नाही. चुकीची ओळख म्हणजे चुकीची फवारणी, वाया गेलेला पैसा आणि कधीकधी पिकाच्या मित्राचाच बळी.

खरी माशी कोणती?

पंख मोजा. बहुतेक उडणाऱ्या कीटकांना चार पंख असतात, माशीला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी टोकाशी गाठ असलेल्या दोन बारीक दांड्या असतात. उडताना तोल सांभाळण्याचं काम त्या करतात. या गटाचं शास्त्रीय नाव 'डिप्टेरा', म्हणजे दोन पंखांचे. डास आणि चिलटंही यातच येतात. जगात या गटाच्या दीड लाखाहून अधिक प्रजातींची नोंद झाली आहे.

पंख मोजता आले नाहीत तर डोकं बघा. घरमाशीसारख्या माश्यांचे डोळे मोठे आणि मिशा अगदी आखूड असतात. मधमाशी, गांधीलमाशीच्या मिशा लांब आणि ठळक दिसतात.

कुठे आणि कधी शोधायच्या?

पावसाळा सुरू झाल्यापासून हिवाळ्यापर्यंतचा काळ सर्वात चांगला. सकाळी ऊन कोवळं असताना माश्या पानांवर अंग शेकत बसतात, तेव्हा जवळ जाता येतं. सावली अंगावर पडू न देता, हळू पुढे सरका.

• फुलांवर: धने, बडीशेप, मोहरी यांच्या फुलोऱ्यावर सिरफिड माश्या येतात.
• बांधावरच्या काटक्यांच्या टोकावर: इथे रॉबर फ्लाय दबा धरून बसते आणि उडता कीटक हवेतच पकडते.
• शेणाजवळ आणि गुरांभोवती: गोमाशी, शेणमाश्या.
• पिकलेल्या पेरू, आंब्यावर आणि काकडी, कारल्याच्या वेलांवर: फळमाशी.
• पाण्याच्या काठी: लोणार सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. अशा पाण्याच्या काठी राहणाऱ्या माश्यांचं 'इफिड्रिडी' हे कुळ जगात अनेक ठिकाणी आढळतं. अमेरिकेतल्या मोनो लेकच्या काठावर उन्हाळ्यात त्यांचे काळे थर जमतात. त्यामुळे लोणारचा ओला चिखलही निरखून पाहण्यासारखा आहे.

लोणार, ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत. तिथून वन विभागाच्या परवानगीशिवाय कीटक पकडून नेता येत नाहीत. फोटो काढणं पुरेसं आहे.

ओळखायच्या कशा?

सुरुवातीला प्रजातीच्या नावामागे लागू नका. आधी कुळ ओळखायला शिका.

सिरफिड माशी: पिवळे-काळे पट्टे, त्यामुळे मधमाशीसारखी वाटते. पण हवेत एकाच जागी स्थिर राहते आणि डंख मारत नाही.
रॉबर फ्लाय: लांबट अंग, तोंडावर राठ केसांची 'मिशी' आणि दोन डोळ्यांच्या मध्ये खोलगट खाच.
गोमाशी: दणकट बांधा, मोठे डोळे. अनेक प्रजातींच्या डोळ्यांवर रंगीत पट्टे असतात. रक्त पिते ती मादीच.
फळमाशी: तपकिरी-पिवळसर अंग. तिच्या कुळातल्या अनेक माश्यांच्या पंखांवर नक्षी असते.

नर-मादी ओळखण्याची एक सोपी खूणही आहे. सिरफिड आणि गोमाशीत बहुतेक नरांचे डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, मादीच्या डोळ्यांत अंतर असतं.

नोंद कशी करायची?

टिपेश्वरहून ज्ञानगंगेत आलेल्या 'वॉकर' वाघाचा प्रवास रेडिओ कॉलरमुळे जगाला कळला. माशीच्या गळ्यात कॉलर बांधता येत नाही. तिची नोंद पाहणाऱ्यानेच ठेवायची असते.

१. किमान तीन फोटो घ्या: वरून, बाजूने आणि समोरून चेहऱ्याचा. पंखांवरच्या शिरा स्पष्ट दिसल्या तर ओळख सोपी होते.
२. तारीख, वेळ आणि नेमकं ठिकाण लिहा. फक्त 'बुलढाणा' नको. गाव आणि शिवार हवं.
३. माशी कशावर बसली होती आणि काय करत होती, तेही लिहा.
४. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर फोटो टाका. ॲप सुचवतं ते नाव डोळे झाकून स्वीकारू नका. खात्री कुळापर्यंतच असेल तर तिथेच थांबा. घराजवळची नोंद असेल तर अचूक ठिकाण झाकण्याची सोय ॲपमध्ये आहे.

अनेक माश्यांची प्रजाती फोटोवरून ठरतच नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. एन्रिको ब्रुनेट्टी यांनी १९१२ ते १९२३ दरम्यान भारतातल्या माश्यांवर तीन खंड लिहिले, तेही गोळा केलेल्या नमुन्यांच्या आधारे. मात्र ठिकाण आणि तारीख असलेला साधा फोटोही पुढच्या अभ्यासकाला उपयोगी पडतो.

याचा फायदा काय?

सिरफिड माशीची अळी मावा खाते. करडई किंवा मोहरीवर माव्याच्या गर्दीत पाय नसलेली, गोगलगायीसारखी सरकणारी हिरवट-मातकट अळी दिसली, तर बहुधा ती हीच. एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. तिला कीड समजून फवारणी केली, तर मावा आटोक्यात ठेवणारी फौजच मरते.

उलट खोडमाशी आणि शेंगमाशी नुकसान लपवतात. खोडमाशीची अळी सोयाबीनच्या खोडात पोखरत जाते; खोड उभं चिरलं की आत लालसर नागमोडी रेघ दिसते. शेंगमाशीची अळी तुरीच्या बंद शेंगेत दाणे खाते आणि शेंगेला छिद्र दिसतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून दरवर्षी पहिली माशी कोणत्या तारखेला दिसली, याची नोंद मोलाची ठरते.

आरोग्याशीही याचा संबंध आहे. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये विदर्भातच, नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये पहिल्यांदा सापडला. लहान मुलांमध्ये मेंदूज्वर घडवणारा हा विषाणू मुख्यतः वाळूमाशीमार्फत पसरतो. ही माशी डासापेक्षा लहान आणि केसाळ असते, बसताना पंख इंग्रजी 'व्ही'सारखे वर धरते. मातीच्या भिंतींच्या भेगा आणि गोठे या तिच्या लपायच्या जागा. तिथे ती दिसली तर भेगा बुजवा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

पुढच्या वेळी शेतात अनोळखी माशी दिसली, तर फवारणीचा पंप उचलण्याआधी फोटो काढा, पंख मोजा आणि शंका असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.