संकेत आपला, सत्य कुणाचं?

1940 साली हार्डींनी एका छोट्या पुस्तकात 8712 आणि 9801 या संख्या दिल्या. अंक उलटे केले की 2178 आणि 1089. पहिलीची चौपट, दुसरीची नऊपट. कोड्यांच्या सदराला ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, हा त्यांचा निवाडा.

नऊ वर्षांनी देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांना 6174 सापडली. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा. 3524 घेऊ: 5432 वजा 2345, आले 3087. पुन्हा केलं की 8352, मग 6174. पुढे तीच. फार तर सात पायऱ्या.

कुणी म्हणेल, दहाचा पाया माणसाने निवडला. आठ बोटं असती तर 6174 ला हा मान नसता. कबूल. पण पाया एकदा ठरला की पुढचं आपल्या हाती राहत नाही. 6174 कापरेकरांनी ठरवली नाही, त्यांना ती आढळली. संकेत आपला असतो. त्यातून निघणारं सत्य मात्र आपल्याला शोधावंच लागतं. हार्डींच्या निवाड्यात एवढी गोष्ट राहून गेली.