श्वास मोजण्याचें शिक्षण

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर नांवाचें एक गांव आहे. तेथील फाट्यावरून एक वाट परतूरकडे वळते. आज तें जालना जिल्ह्यांत मोडतें. पण हा जिल्हाच मुळीं १९८१ सालीं निर्माण झाला, आणि तोंपर्यंत परतूर तालुका परभणी जिल्ह्यांत होता. आणखी मागें गेलें तर सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. राज्यें बदललीं, जिल्हे बदलले; परंतु थंडीच्या दिवसांत खोकणारें मूल खांद्यावर टाकून दवाखान्याची पायरी चढणारी आई मात्र तीच राहिली आहे.

अशी एक सकाळ डोळ्यांपुढें आणा. आठ महिन्यांचें मूल आहे. ‘कालपासून खोकतंय, रात्रभर निजलं नाहीं,’ असें आई सांगते. बरोबर आलेल्या सासूबाईंनीं ‘डबा झाला’ म्हणून निदान आधींच करून ठेविलें आहे. बाहेर चाळीस रोगी बसलेले आहेत. डॉक्टराला ठरवावयाचें असतें तें एवढेंच, कीं ही नुसती सर्दी आहे कीं फुप्फुसाचा दाह, म्हणजे न्यूमोनिया. सर्दी असेल तर जंतुनाशक औषध देणें व्यर्थ, किंबहुना अपायकारक. न्यूमोनिया असेल तर तें औषध आजच सुरू झालें पाहिजे. कारण इतक्या लहान जिवाला तो पुष्कळदा दोन-तीन दिवसांहून अधिक सवड देत नाहीं. हा निर्णय करण्याची विद्या डॉक्टर कोठून शिकला आणि त्याला ती पुन्हां नव्यानें कां शिकावी लागली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ पॅरिसमध्यें होतो. तेथें १८१६ सालीं नेकर रुग्णालयांत लेनेक नांवाच्या वैद्यानें एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याच्या संकोचामुळें कागदाची गुंडाळी करून ती छातीवर टेकविली, आणि त्याला हृदयाचे ठोके पूर्वींपेक्षां अधिक स्पष्ट ऐकूं आले. पुढें १८१९ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ती कागदाची सुरळी म्हणजेच डॉक्टराच्या गळ्यांत आज दिसणारा स्टेथस्कोप होय. या नळीनें वैद्यकाला केवढी दृष्टि दिली, तें सांगावयास नको. परंतु तिच्यावर सारी भिस्त ठेवणें तान्ह्या मुलाच्या बाबतींत धोक्याचें ठरतें. मूल रडूं लागलें कीं रडण्यावांचून दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. छाती इतकी लहान, कीं नाकांतील घरघरहि फुप्फुसांतून आल्यासारखी वाटते. आणि एकाच मुलाची छाती दोन कसलेल्या डॉक्टरांनीं ऐकली तर त्यांचें एकमत होईलच, असें नाहीं.

आपल्याकडे ही विद्या आली ती शहरांतून, आणि शहरांतच राहिली. मुंबईचें बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय १९२९ सालीं सुरू झालें. १९३३ सालीं कलकत्त्यास डॉ. के. सी. चौधरी यांनीं बालरोगांना वाहिलेलें इंग्रजी नियतकालिक काढलें. मराठवाड्याची गोष्ट मात्र निराळी. येथल्या तरुणाला डॉक्टर व्हावयाचें तर हैदराबाद गांठावें लागे, आणि तेथें पाश्चात्य वैद्यक दीर्घकाळ उर्दू भाषेंतून शिकविलें जाई. (देशी भाषेंत आधुनिक शास्त्र शिकवितां येत नाहीं, असें म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.) औरंगाबादचें वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें १९५६ सालीं. भोर समितीनें १९४६ मध्यें खेड्यांसाठीं आरोग्यकेंद्रांची योजना मांडली, आणि १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रें उघडूं लागलीं. तेथें जो तरुण डॉक्टर जाई, तो मोठ्या रुग्णालयांत, क्ष-किरणांच्या साहाय्यानें, प्राध्यापकांच्या पाठीशीं उभा राहून शिकलेला असे. खेड्यांत ना क्ष-किरण, ना प्राध्यापक. पदवी हातीं पडली कीं शिक्षण संपलें. त्यानंतर नवें कांहीं सांगावयास कोणी येत असेल तर तो औषध-कंपनीचा प्रतिनिधि!

शिक्षण एकदां देऊन संपत नाहीं, तें पुनःपुन्हां द्यावें लागतें, ही जाणीव महाराष्ट्राला प्रथम ठळकपणें करून दिली ती, माझ्या मतें, जामखेडनें. तेथें १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें खेड्यांतील, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचें काम शिकविलें. त्या स्त्रिया शिकून घरीं गेल्या आणि काम झालें, असें नव्हतें. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला परत येत, गांवांत काय पाहिलें तें सांगत, चुकलें असेल तें सुधारून घेत, आणि पुन्हां गांवीं जात. पदवीधरांना जें मिळत नव्हतें, तें या बायांना मिळत होतें.

आतां न्यूमोनियाकडे वळूं. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशांत काम करणारे डॉ. फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८४ सालीं एक साधी गोष्ट दाखवून दिली. खोकणाऱ्या मुलाचा श्वास एका मिनिटांत किती वेळां होतो हें मोजावें. त्याच्या बरगड्यांखालचा भाग श्वास घेतांना आंत ओढला जातो कीं काय, तें पाहावें. तेवढ्यानें औषध कोणाला द्यावयाचें आणि रुग्णालयांत कोणाला धाडावयाचें, याचा बराचसा निवाडा होतो. ऐकण्याऐवजीं पाहावयाचें, आणि पाहिलेलें मोजावयाचें. पुढें जागतिक आरोग्य संघटनेनें आंकडे ठरविले. दोन महिन्यांच्या आंतील मुलाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास झाले, तर तो वेगवान समजावा.

हें तत्त्व खेड्यांत टिकतें कीं नाहीं, याची मोठी परीक्षा आपल्याच महाराष्ट्रांत झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें गडचिरोलीस काम सुरू केलें. जंगलांतल्या गांवीं डॉक्टर पोंचणें कठीण. तेव्हां त्यांनीं आरोग्यसेवक, गांवचे कार्यकर्ते आणि परंपरागत सुइणी यांना न्यूमोनिया ओळखावयास व तोंडानें घ्यावयाचें औषध द्यावयास शिकविलें. ५८ गांवांत हा उपक्रम झाला, आणि तुलनेसाठीं ४४ गांवें ठेविलीं. १९९० सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष आले. उपचार झालेल्या न्यूमोनियाच्या ६१२ प्रसंगांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ०.८ होतें, तुलनेच्या गांवांत तें शेंकडा १३.५ होतें. पांच वर्षांखालील दर हजार मुलांमागें न्यूमोनियाचे मृत्यु एकीकडे ८.१, तर दुसरीकडे १७.५. हे आंकडे मी सावकाश वाचले, कारण त्यांत नळी लावणारा एकहि डॉक्टर नाहीं.

यांतली खरी गोम सुइणींपाशीं होती. त्यांच्यापैकीं पुष्कळजणींना बारापलीकडे मोजतां येत नसे. मग पन्नास श्वास त्या मोजणार कशा? यावर बंग दांपत्यानें जें साधन काढलें, त्याची कृति मला फार आवडते. एका लहानशा फळीवर एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. तान्ह्या मुलासाठीं एक ओळ, मोठ्यासाठीं दुसरी. आणि प्रत्येक ओळींत शेवटचा मणी तांबडा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकविण्याची पाळी आली तर श्वास वेगवान. दहापर्यंत मोजतां आलें कीं पुरे! लेनेकच्या नळीइतकीच ही युक्ति साधी आहे, आणि तिच्याच पंक्तींत मी तिला बसवितों.

याचा परिणाम डॉक्टरांच्या शिक्षणावर झाल्यावांचून राहिला नाहीं. जें सुइणीला करतां येतें तें डॉक्टरानें कां करूं नये, असा प्रश्न उघडच होता. आणि त्याचें उत्तर अनेकांच्या मनाला रुचणारें नव्हतें. वर्षानुवर्षें नळी लावून बसलेल्या माणसाला ‘आधीं सदरा वर करा आणि घड्याळ पाहा’ म्हणून सांगणें, म्हणजे त्याला पुन्हां बिगारींत बसविणेंच कीं! तरी तें करावें लागलें. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीं १९९०च्या दशकांत आजारी मुलाच्या एकत्रित उपचाराची पद्धति तयार केली आणि तिच्यासाठीं अकरा दिवसांचा वर्ग आंखला. त्यांत व्याख्यानांपेक्षां प्रत्यक्ष मुलें तपासण्यावर भर होता. खोकला, हगवण, ताप, कुपोषण, लसी हें सारें एकाच मुलांत एकाच वेळीं पाहावयाचें. २००३ मध्यें भारतानें ती पद्धति स्वीकारली, आणि तिच्यांत नवजात अर्भकाला, अगदीं पहिल्या आठवड्यापासून, मुद्दाम स्थान दिलें; कारण आपल्याकडे बालमृत्यूंचा मोठा वांटा त्या पहिल्या दिवसांतच पडतो.

श्वास मोजणें ऐकावयास सोपें वाटतें. मूल शांत हवें. रडत असतां किंवा अंगावर पीत असतां मोजूं नये. पूर्ण एक मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची लबाडी तान्ह्या मुलाशीं चालत नाहीं, कारण त्याचा श्वास मुळांतच अनियमित असतो. एक मिनिट म्हणजे केवढा काळ, हें मी आतां गप्प बसून दाखविलें असतें. पण मग आपणांस यंत्र बिघडलें असें वाटून आपण कळ फिरवूं लागाल. दाराशीं चाळीस रोगी उभे असतां डॉक्टरालाहि तें मिनिट असेंच लांब वाटतें. आणि ही मोजणी निर्दोष नाहीं. तापानेंहि श्वास वाढतो. दम्याच्या मुलालाहि धाप लागते. म्हणून शीळ घातल्यासारखा आवाज असेल तर आधीं श्वासनळी मोकळी करणारें औषध देऊन पुन्हां मोजावें, असें पुढें ठरलें. म्हणजे नळीचें काम संपलेलें नाहीं. तिची पाळी दुसरी आली, इतकेंच.

शिकलेलें पुन्हां बदललें, तें असें. बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल तर मुलाला रुग्णालयांतच धाडावें, हा जुना नियम; २०१४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें, कीं धोक्याचें दुसरें चिन्ह नसेल तर अशा पुष्कळ मुलांना तोंडानें अमॉक्सिसिलिन देऊन घरींच बरें करतां येतें. २०१७ पासून न्यूमोकोकसची लस टप्प्याटप्प्यानें सरकारी लसीकरणांत आली आणि २०२१ मध्यें ती देशभर झाली. २०१९ सालीं सरकारनें ‘सांस’ नांवाची मोहीम काढली, तिच्यांत रक्तांतील प्राणवायु मोजणारें, बोटाला लावावयाचें यंत्रहि आलें. जो डॉक्टर २००० सालीं शिकून थांबला असेल, त्याला यांतलें कांहींच ठाऊक नसणार. २००२च्या नियमांनीं डॉक्टरानें पांच वर्षांत तीस तासांचें निरंतर शिक्षण घ्यावें असें म्हटलें आहे. तीस तास! तेहि कित्येकदा शहरांतल्या हॉटेलांत, थंड हवेंत, मोठ्या पडद्यासमोर पुरे होतात. तेथें खोकणारें मूल नसतें. हिशेब पुरा होतो; पण जामखेडच्या बाया आठवड्याला जें घेऊन जात, तें यांतून कितीसें हातीं लागत असेल, याची मला शंका आहे.

वाटूरच्या वाटेवरील ती आई अजून दवाखान्यांत बसलेली आहे. डॉक्टरानें मुलाचें झबलें वर केलें, घड्याळाकडे एक डोळा ठेवून मोजलें: बेचाळीस. आठ महिन्यांच्या मुलाला हा श्वास वेगवान नव्हे. छाती ओढली जात नाहीं, मूल अंगावर पितें आहे, हसतेंहि आहे. आईला सुई हवी आहे, खोकल्याची बाटली हवी आहे. सासूबाईंना तर दोन्ही हवीं आहेत. डॉक्टर दोन्ही देत नाहीं. श्वास जलद झाला, दूध सोडलें, किंवा मूल सुस्त पडलें, तर रात्र असली तरी उठून या, आणि कांहीं झालें नाहीं तरी दोन दिवसांनीं दाखवून जा, असें तो सांगतो, आणि श्वास कसा पाहावयाचा तें त्या आईला मुलाच्या पोटावर हात ठेवून दाखवितो. सासूबाईहि वांकून पाहतात. मग पुढचा रोगी.