डॉट इन

डॉट इन : भारताचे देशनिदर्शक इंटरनेट डोमेन. 'आयएसओ 3166' या प्रमाणकात भारताला मिळालेली दोन अक्षरे त्यात येतात. 8 मे 1989 रोजी ते अस्तित्वात आले. सुरुवातीला त्याचा कारभार मुंबईतील 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' पाही. त्या काळी नियम इतके आवळलेले होते की 2004 अखेरपर्यंत जेमतेम सातेक हजार नावे नोंदली गेली. 1 जानेवारी 2005 पासून सैल धोरण लागू झाले आणि व्यवस्था 'निक्सी'कडे (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) गेली. व्यापारचिन्हधारकांना आधी संधी देऊन 16 फेब्रुवारी 2005 पासून नोंदणी सर्वांना खुली झाली.

नाव मागणारा भारतीयच असावा, अशी अट नाही. पहिला येईल त्याला नाव मिळते. नोंदणी मान्यताप्राप्त रजिस्ट्रारमार्फत, 1 ते 10 वर्षांसाठी होते. मुदतीत नूतनीकरण केले नाही, तर नाव हातचे जाते. वाद निक्सीने नेमलेल्या लवादापुढे चालतो. 

'डॉट इन'खाली 'एसी डॉट इन', 'ओआरजी डॉट इन' असे उपविभाग आहेत. त्यांपैकी खुल्या आणि बंद उपविभागांतील फरक अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात चांगला दिसतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संकेतस्थळ 'एमपीकेव्ही डॉट एसी डॉट इन' असे आहे. 'एसी डॉट इन' शिक्षणसंस्थांपुरते राखीव असून 'अर्नेट इंडिया' कागदपत्रे तपासूनच ते देते. शिर्डीच्या साईबाबा संस्थानचे 'साई डॉट ओआरजी डॉट इन' मात्र खुल्या उपविभागात मोडते. 'ओआरजी डॉट इन' कोणालाही घेता येते, त्यामुळे केवळ शेपूट पाहून संस्था अस्सल मानता येत नाही. दर्शनपास किंवा भक्तनिवासाचे पैसे भरण्याआधी पूर्ण नाव वाचणे बरे. सरकारी कार्यालयांसाठीचे 'जीओव्ही डॉट इन' व 'एनआयसी डॉट इन' राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ताब्यात आहेत. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. पण राजपत्रातील बदलाने डोमेन आपोआप बदलत नाही, नवे नाव वेगळे घ्यावे लागते.

27 ऑगस्ट 2014 पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. मराठी त्यात पहिल्यापासून आहे, वापर मात्र तुरळकच.

सहकाराच्या अहिल्यानगर जिल्ह्याला सर्वांत जवळचा नियम अलीकडचा आहे. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत 'बँक डॉट इन'वर जाण्यास सांगितले. त्यात नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या. हे नाव फक्त हैदराबादची 'आयडीआरबीटी' संस्था देते. पतसंस्था कायद्याने बँक नसल्याने तिला ते मिळत नाही. ठेवीदाराने हा फरक ध्यानात ठेवावा.