एकच जस्त, दोन कसोट्या

गोवंडी स्टेशनातून बाहेर पडून शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे चालू लागले की जिकडे पाहावे तिकडे पत्रा दिसतो. छपराला पत्रा, भिंतीला पत्रा, पोटमाळ्याला पत्रा. जवळच ठाण्याची खाडी, तिची खारी हवा, आणि वर्षातले चार महिने पाऊस. पुढे ट्रॉम्बेला नौदलाचे शस्त्रभांडार आहे; तिथल्या लोखंडालाही हीच हवा खाते. जस्ताने लोखंडाला गंजापासून वाचवण्याच्या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला म्हणूनच मी गोवंडीच्या रस्त्याने आत नेतो आहे.

या पत्र्यावरचा जस्ताचा थर रंगासारखा नुसता झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते. कथलाचा मुलामा दिलेल्या डब्याचे याच्या उलट असते; त्याला चीर गेली की खालचे लोखंडच आधी गंजते.

धातूने धातूला वाचवण्याची ही कल्पना युद्धनौकांवरच पारखली गेली. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांना जस्त आणि लोखंड जोडून पाहिले. तांबे झिजायचे थांबले, पण तांब्याचे विषारी क्षार पाण्यात सुटेनासे झाल्यामुळे तळाला शंख-शेवाळ चिकटले आणि जहाजे मंदावली. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याचे पेटंट सोरेल नावाच्या अभियंत्याने फ्रान्समध्ये घेतले ते पुढे, १८३७ साली.

नागरी वापरात प्रश्न एकच असतो : किती वर्षे टिकेल? उत्तर जाडीत असते. सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या जस्तात बुडवलेल्या जाड लोखंडी खांबावर साधारण ८५ मायक्रॉनचा थर बसतो. दुकानातला ‘१२० जीएसएम’चा पत्रा मात्र दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त बाळगतो, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. हवा तीच असेल तर थर दहापट पातळ, आयुष्यही जवळपास तितकेच कमी. गरिबाच्या छपराला सर्वांत पातळ थर मिळावा, हे मला अन्यायाचे वाटते.

लष्कराच्या शेडचा पत्रा आणि कुंपणाची तार यांनाही हाच हिशेब लागू पडतो. फरक सुरू होतो तो बोल्टपाशी. विमानाच्या चाकाचा अतिकणखर पोलादी बोल्ट आम्लात धुतला किंवा विजेने मुलामा देताना टाकीत ठेवला, की हायड्रोजन पोलादात शिरतो. मग एक दिवस काहीही पूर्वसूचना न देता तो बोल्ट तुटतो, आणि तोही गंजाचा ठिपका नसताना. म्हणून मुलामा दिल्यावर काही तासांतच तो १९० अंशांच्या आसपास भट्टीत तापवून हायड्रोजन हाकलतात. अॅल्युमिनियमशी जुळते म्हणून अशा जागी अनेक दशके जस्ताऐवजी कॅडमियम वापरले गेले. ते विषारी असल्याने आता जस्त-निकेलचा मिश्र थर त्याची जागा घेऊ लागला आहे. समुद्राच्या हवेत धातू कसा टिकवायचा, याचे नौदलासाठीचे संशोधन आपल्याजवळच, अंबरनाथच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेत चालते.

पुढची पाने उलटण्याआधी आपल्या किंवा शेजाऱ्याच्या छपराखाली उभे राहा आणि पत्र्यावरचा शिक्का शोधा. जीएसएमचा आकडा दिसला तर वहीत टिपून ठेवा. पहिले प्रकरण त्याच आकड्यापासून सुरू होते.