अमेरिकेच्या पेल्यातला इतिहास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

सुरुवातीला तीन आकडे सांगतो. १८७३ साली अमेरिकेत बिअर तयार करणारे ४,१३१ कारखाने होते. देशाची लोकसंख्या तेव्हा चार कोटींच्या आसपास होती. शंभर वर्षांनंतर, म्हणजे १९७०च्या दशकाच्या अखेरीला, लोकसंख्या बावीस कोटींवर गेली आणि कारखाने उरले शंभराहून कमी. पुढे २०१५ साली ही संख्या पुन्हा १८७३च्या आकड्याला ओलांडून गेली. मधल्या काळात माणसं वाढली होती, पैसा वाढला होता, बिअर पिणारेही काही कमी झाले नव्हते. मग हे असं का झालं?

आपण सहज म्हणून जातो, की चव ही ज्याच्या त्याच्या जिभेची गोष्ट आहे. पण जीभ काय मागते, हे बऱ्याचदा तिला काय मिळत आलं त्यावर ठरतं. आणि काय मिळणार हे ठरवतात कायदे, लढाया, रेल्वेचे डबे आणि बर्फाच्या लाद्या. अमेरिकेतल्या वाइनची आणि बिअरची गोष्ट हेच सांगते. मद्यपानाची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. लोकांची आवड घडते कशी, मोडते कशी आणि पुन्हा उभी राहायला तिला किती काळ लागतो, एवढंच आज पाहायचं आहे.

सुरुवातीच्या वसाहतींमधला अमेरिकन माणूस वाइन फारशी पीत नव्हता. तो प्यायचा सफरचंदाचा रस आंबवून केलेली सायडर, वेस्ट इंडीज बेटांवरच्या उसाच्या मळीपासून काढलेली रम आणि पुढे व्हिस्की. व्हिस्कीचं कारण साधं होतं. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याला आपलं धान्य खाचखळग्यांच्या वाटेनं पूर्वेच्या बाजारात नेणं परवडत नसे. त्याच धान्याची व्हिस्की केली, की ती खेचराच्या पाठीवर मावायची. १७९१ साली तिच्यावर कर बसला, तेव्हा पश्चिम पेनसिल्व्हेनियातले शेतकरी खवळले. १७९४ साली बंड मोडायला अध्यक्ष वॉशिंग्टन सुमारे तेरा हजारांची फौज घेऊन निघाले. १८३०च्या सुमाराला अमेरिकन माणूस आजच्या जवळजवळ तिप्पट मद्य रिचवत होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

वाइनची हौस नव्हती असं नाही. थॉमस जेफरसन यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या मॉन्टिचेलो इस्टेटीवर युरोपातून आणलेल्या द्राक्षवेली पुन्हा पुन्हा लावल्या. त्या काही जगल्या नाहीत. मुळांवर जगणारी फायलॉक्सेरा नावाची एक बारीक कीड अमेरिकेच्या मातीत होती, शिवाय बुरशीचे रोग होते. इथल्या रानद्राक्षांना त्यांची सवय होती, युरोपच्या नाजूक वेलींना नव्हती. १८६०च्या दशकात हीच कीड वेलींबरोबर फ्रान्सला पोहोचली आणि तिथल्या बागाच्या बागा उजाड झाल्या. अखेर उपायही अमेरिकेतूनच आला. रानद्राक्षाचा चिवट खुंट घ्यायचा आणि त्यावर फ्रेंच वेलीचं कलम करायचं. आपल्या नाशिक-सांगलीचे बागायतदार ज्या ‘डॉगरिज’ खुंटावर कलम बांधतात, तो खुंटही मूळचा टेक्सासच्या रानद्राक्षाचाच.

बिअरची हवा आली ती जर्मन माणसांबरोबर. १८४०नंतर जर्मनीतून लोकांचे लोंढे अमेरिकेत आले आणि मिलवॉकी, सेंट लुईस, सिनसिनाटी या शहरांत वसले. त्यांनी आपल्याबरोबर ‘लागर’ आणली. ही बिअर थंडाव्यात आंबते आणि मग काही आठवडे थंड जागी मुरत ठेवावी लागते. ‘लागर’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. म्हणून सेंट लुईसच्या जमिनीखालच्या नैसर्गिक गुहा बिअरवाल्यांना सोन्यासारख्या वाटल्या. रविवारी बायकामुलांसह बागेत बसून वाद्यवृंद ऐकत बिअर प्यायची, ही त्यांची रीत. इंग्रजी वळणाच्या जुन्या रहिवाशांना ती खपली नाही. १८५५ साली शिकागोच्या महापौरांनी गुत्त्यांचं परवानाशुल्क पन्नास डॉलरवरून तीनशेवर नेलं आणि रविवारची विक्री बंद करायला लावली. त्यावरून शहरात दंगल झाली. भांडण बिअरवरून दिसत असलं, तरी खरा प्रश्न होता तो हे शहर कुणाचं, हा.

पुढे बर्फानं आणि रेल्वेनं बाजी मारली. १८७०च्या दशकात बर्फानं थंड राखलेले रेल्वेचे डबे आले, पाश्चरच्या पद्धतीनं बाटलीतली बिअर टिकवता येऊ लागली. सेंट लुईसच्या अडॉल्फस बुश यांनी हे ओळखलं आणि १८७६ साली ‘बडवायझर’ बाजारात आणली. अमेरिकेच्या सातूत प्रथिनं जास्त, त्यामुळे बिअर गढूळ व्हायची. त्यात तांदूळ किंवा मका मिसळला, की ती स्वच्छ आणि हलकी होते. अशी फिकट, थंडगार बिअर दूर दूर पोहोचली आणि गावोगावचे छोटे कारखाने मागे पडू लागले. म्हणजे सुरुवातीला सांगितलेली घसरण काही एकट्या दारूबंदीची करणी नव्हे. पण मोठा घाव घातला तो तिनंच.

त्या काळी अमेरिकेतल्या गुत्त्याला ‘सलून’ म्हणत. आपल्याकडे सलूनमध्ये केस कापतात, तिथे खिसा कापला जायचा. नवरा आठवड्याचा पगार तिथे उडवून घरी येई आणि चटके बायकोमुलांना बसत. १८७४ साली स्त्रियांची दारूबंदी संघटना उभी राहिली, १८९३ साली सलूनविरोधी लीग आली. या चळवळीमागचं दुःख खरं होतं. आपल्या गावांमधली आडवी बाटली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते वेगळं सांगायला नको. १९१३ साली आयकर आला आणि सरकारचं दारूच्या करावाचून अडायचं कमी झालं. १९१७ साली जर्मनीशी युद्ध पुकारलं गेलं आणि पाब्स्ट, श्लिट्झ, बुश ही नावं एकाएकी शत्रूची वाटू लागली. १७ जानेवारी १९२० पासून देशभर दारूबंदी लागू झाली.

कायदा कडक होता, पण त्यात एक फट होती. घरच्या घरी फळांचा रस करायला त्यात मुभा होती आणि कुटुंबामागे वर्षाला दोनशे गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर रसाकडे सरकार काणाडोळा करत असे. रस ठेवला, की तो आंबणारच! इटालियन वस्त्यांमधून द्राक्षांची मागणी इतकी वाढली, की दारूबंदीत कॅलिफोर्नियातल्या द्राक्षबागा आटण्याऐवजी फोफावल्या.

पण कोणती द्राक्षं? माल जायचा हजारो किलोमीटर दूर, न्यूयॉर्क आणि शिकागोच्या रेल्वे यार्डांत. उत्तम वाइनची द्राक्षं बारीक, पातळ सालीची. ती वाटेतच फुटायची. म्हणून शेतकऱ्यांनी त्या वेली उपटल्या आणि ‘अलिकांते बुशे’सारखी जाड सालीची, गडद रंगाची जात लावली. तिच्या रसात पाणी आणि साखर घातली तरी रंग उतरत नसे. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ट्रकमध्ये टिकणारा कडक टोमॅटो आला आणि रसाळ आंबट गावठी टोमॅटो बाजारातून दिसेनासा झाला. तसंच हे. जिभेनं निवड केलीच नाही, ती रेल्वेच्या डब्यानं केली.

बिअरवाल्यांनी जमेल ते केलं. कुणी आइस्क्रीम काढलं, कुणी यीस्ट विकलं, कुणी माल्टचा पाक. कित्येकांनी कायमचं कुलूप लावलं. ५ डिसेंबर १९३३ रोजी दारूबंदी उठली. सगळी मिळून चौदा वर्षंही झाली नव्हती. पण तेवढ्यात एक पिढी कारागीर घरी बसली होती आणि त्यांच्या हाताखाली नवी पोरं तयारच झाली नव्हती. ग्राहकाची जीभही बदलली होती. त्याला गोड हवं होतं. साखरेची गोडी आणि वरून घातलेली ब्रँडी यांनी जड झालेली वाइन १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत जेवणाबरोबरच्या साध्या वाइनपेक्षा जास्त खपत होती. साध्या वाइनच्या बाटल्यांवरही ‘बर्गंडी’, ‘शाब्ली’ अशी फ्रेंच ठिकाणांची नावं छापलेली असायची आणि आत रस असायचा कॅलिफोर्नियाचा.

बिअरचं वेगळंच झालं. १९३५ साली डबाबंद बिअर आली, मग घरोघरी फ्रीज, मग टीव्हीवरच्या जाहिराती. मोठ्यांनी छोट्यांना गिळलं. सगळ्यांना चालेल आणि कुणालाच खटकणार नाही अशी बिअर करायची, तर चव कमी कमीच करत न्यावी लागते. १९७५ साली ‘मिलर लाइट’ देशभर गेली. शिवाय दारूबंदी उठल्यावर घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण घरी बिअर करणं मात्र गुन्हाच राहिलं. ती परवानगी मिळायला पंचेचाळीस वर्षं जायची होती.

वाइनची घडी आधी सावरली. डेव्हिसच्या कृषी महाविद्यालयातले मेनार्ड अमेरिन आणि अल्बर्ट विंकलर यांनी कॅलिफोर्नियाच्या कोणत्या खोऱ्यात किती ऊब असते ते मोजलं आणि १९४४ साली कुठे कोणतं द्राक्ष लावावं हे मांडलं. १९६६ साली रॉबर्ट मोंडावी यांनी नापा खोऱ्यात नवी वाइनरी उभारली. आणि २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये एक चाचणी झाली. नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून ठेवल्या. गुण मोजले तेव्हा लाल आणि पांढऱ्या, दोन्ही गटांत पहिला नंबर नापाचा आला. एका परीक्षकांनी तर नापाची वाइन चाखून आपण पुन्हा फ्रान्समध्ये आल्याचं समाधान व्यक्त केलं होतं! पांढऱ्या गटातली विजेती वाइन करणारे माइक ग्रगिच हे क्रोएशियातून आलेले होते. पुन्हा एकदा बाहेरून आलेल्या माणसानंच अमेरिकेच्या जिभेला नवी चव दिली होती.

त्याच साली सोनोमात जॅक मॅकऑलिफ नावाच्या माणसानं एक छोटीशी ब्रुअरी काढली. नौदलात असताना त्यानं स्कॉटलंडमध्ये मुक्काम केला होता आणि तिथल्या दाट, कडसर बिअरची चव जिभेवर घेऊन तो परतला होता. दुकानात तशी मिळेना, म्हणून डेअरीतली जुनी भांडी जमवून त्यानं स्वतःच करायला घेतली. १९८२ साली त्याचा धंदा बुडाला. पण वाट दिसली होती. १९७८च्या ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरगुती बिअरला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली. मग गॅरेजांतून, स्वयंपाकघरांतून प्रयोग सुरू झाले. १९८० साली केन ग्रॉसमन यांनी चिको गावात ‘सिएरा नेवाडा’ सुरू केली, तीही डेअरीच्याच भांड्यांवर. बिअरला कडूपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांची ‘कॅस्केड’ ही जात सरकारी संशोधनातून १९७२ साली आली होती. संत्र्याच्या सालीसारख्या तिच्या वासानं नवी अमेरिकन बिअर ओळखली जाऊ लागली. या बिअरवाल्यांचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे ‘इंडिया पेल एल’. नावातला हा इंडिया आपलाच. इंग्लंडहून जहाजानं हिंदुस्थानात यायची, त्या हॉप्सयुक्त बिअरचं हे नाव.

आवडीचं चक्र काही तिथे थांबलं नाही. नोव्हेंबर १९९१ मध्ये एका टीव्ही कार्यक्रमानं सांगितलं, की फ्रेंच लोकांच्या निरोगी हृदयाचं रहस्य रेड वाइनमध्ये असावं. लगेच अमेरिकेत रेड वाइनचा खप उसळला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी मद्य आणि कर्करोग यांच्या संबंधाचा इशारा दिला. त्याच वर्षीच्या गॅलप पाहणीत आपण मद्य घेतो असं सांगणारे प्रौढ ५४ टक्के निघाले. १९३९ पासूनच्या त्यांच्या नोंदींतला हा नीचांक. २०२४ साली छोट्या ब्रुअरी जितक्या उघडल्या, त्याहून जास्त बंद झाल्या. १९२० साली जे दंडुक्यानं साधलं नाही, ते आता लोक आपल्या मनानं थोडंफार करू लागले आहेत.

कॅलिफोर्नियाचा हा प्रवास आपल्या दारापर्यंतही आला. तिथे शिकून, नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकात नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली आणि त्यासाठी कॅलिफोर्नियाच्याच जाणकाराची मदत घेतली. ती वाइन कुणी प्यावी की पिऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न. एवढं मात्र लक्षात ठेवावं, की जीभ जे ‘मला आवडतं’ म्हणते, त्यामागे कधी एखादा कायदा असतो, कधी एखादी लढाई, तर कधी मालगाडीत न फुटणारी जाड साल. बाजारातून एखादी चव नाहीशी झाली, तर ती लोकांना नको होती असं लगेच समजू नये. ती पोहोचवणारा हात आधी थांबला असेल. आणि थांबलेला हात पुन्हा चालू व्हायला, अमेरिकेचाच हिशेब धरायचा तर, जवळजवळ अर्धं शतक लागतं.