गतिलेखक पोशाखाचे पूर्वरूप
खेळाडूंच्या वा ॲनिमेशनपटांतील नटांच्या हालचाली टिपणारा पोशाख हे संगणकयुगाचे अपत्य होय, हे मत इतिहासाला धरून नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतिएन-ज्युल मारे यांनी १८८२ साली पॅरिसमध्ये गतिसंशोधन केंद्र स्थापिले. एकाच काचेवर क्रमाने छायाचित्रे घेताना आकृती परस्परांत मिसळत. म्हणून त्यांनी धावणाऱ्यास नखशिखांत काळा वेश चढविला. हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर चकाकती बटणे लावली. काळ्या पार्श्वभूमीवर माणूस लोपला, रेषा तेवढ्या उमटल्या. हा वेश परिधान करणारे सहायक जॉर्ज दमेनी यांचा चेहरा अर्थातच त्यांत नाही. चलच्चित्रांच्या व्यावसायिक उपयोगावरून मतभेद होऊन १८९४ मध्ये त्यांना केंद्रही सोडावे लागले.