कोचीची नागरी पाने

देवनागरी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण सहसा बंगालमधील श्रीरामपूरपासून आरंभ करतो. परंतु त्याच्या सुमारे सव्वाशे वर्षे आधी, १६७८ साली, ॲम्स्टरडॅम येथे निघालेल्या ‘होर्तुस मलाबारिकुस’ या लॅटिन वनस्पतिग्रंथाच्या पहिल्या खंडात नागरी लिपीतील कोकणी मजकूर छापलेला आहे. रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीनिवासी ब्राह्मण वैद्यांनी १६७५ साली लिहून दिलेले ते प्रमाणपत्र. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ आपण या कामी खपलो, असे ते त्यात सांगतात. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांचीही साक्ष त्याच खंडात आहे. साहाय्यकांना नावानिशी बोलू देणारे ग्रंथ त्या काळी विरळाच. आम्हांस अप्रूप वाटते ते याचे.

ग्रंथ घडविणारा हेन्ड्रिक व्हान रेडे हा प्रॉटेस्टंट डचांचा मलबारातील अधिकारी. १६६३ मध्ये कोची जिंकताच डचांनी युरोपीय कॅथलिक धर्मगुरूंना घालवून दिले होते. तरीही वनस्पतींची आरंभीची चित्रे त्याने घेतली, ती कार्मेल संघाच्या फादर मॅथ्यू या इटालियन संन्याशाकडून! मग हस्तलिखिते हॉलंडला गेली. लायडनचे प्राध्यापक आर्नॉल्ट सायेन यांनी पहिल्या खंडास टिपा जोडल्या. एकूण बारा खंड, सुमारे ७४० वनस्पती. व्हान रेडे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेस जाताना आपल्या मुंबईच्या किनाऱ्यानजीक जहाजावरच वारला. शेवटचा खंड १६९३ मध्ये निघाला.